पूर्ण नाव सांग

लेकरं घेऊन प्रवासाला निघालेल्या बाईला दोनच हात असतात, ही गोष्ट आपल्याकडे अजून कुणाच्या ध्यानात आलेली नाही. एसटी बांधणाऱ्याच्या नाही, स्टँड बांधणाऱ्याच्या नाही आणि नवऱ्याच्या तर मुळीच नाही. माझ्या एका हातात धाकट्याचं मनगट असतं. हात नाही, मनगट. हात तो सोडवून घेतो. दुसऱ्या हातात कपड्यांची बॅग, जिची चेन दिवाळीपासून बिघडलेली आहे आणि जी मी सुतळीनं बांधते. खांद्याला पर्स, तिच्या पोटात पाण्याची बाटली, बिस्किटं, धाकट्याची जादा चड्डी, त्याला गाडी लागते म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि हुंगायला अर्धं लिंबू. थोरलीनं माझी ओढणी धरून चालायचं असा आमच्यात ठराव आहे. नेमकी गाडी फलाटाला लागली की ती ओढणी सोडते आणि चपलेचा बंद लावायला खाली बसते.

"सामान कमी न्यावं," नवरा म्हणतो. तो स्वतः कुठं निघाला की खिशात मोबाईल आणि कंगवा घालून निघतो, कारण त्याचं उरलेलं सामान माझ्या बॅगेत असतं.

आम्ही शिरूरला राहतो. दोघंही कंपनीत. तो शिफ्टला, मी दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटीला. माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेतून निवृत्त झाले आणि तिथंच घर बांधून राहिले. त्यांना मी आबा म्हणते आणि माझं ऐकून माझी मुलंही आबाच म्हणतात. नकाशात शिरूर आणि दौंड अगदी बोटभर अंतरावर दिसतात, पण नकाशाला मे महिना नसतो. न्हावरा, चौफुला, पाटस आणि मग दौंड, एवढ्या वाटेत खिडकीचे गज हात लावू देत नाहीत, रेक्झिनला मांड्या चिकटतात आणि बाटलीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं तापतं. पाटसजवळ आलं की कारखान्याचा हंगाम संपलेला असला तरी मळीचा वास नाकात शिरतो, आणि तिथं धाकटा न चुकता ओकतो. मी पिशवी आधीच उघडून ठेवते.

ही गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. मला मिळाली. थोरलीची शाळा संपलेली, आबांचा रोज फोन. मग मी निघाले.

शिरूरच्या स्टँडवर गाडी वळण घेऊन येत असतानाच माणसं तिच्या बरोबरीनं पळायला लागतात. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, वर्तमानपत्र, जे हाताला लागेल ते आत पडतं. ज्याचा रुमाल त्याची सीट. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडला तर रक्त निघेल. या कायद्यात एक मेख आहे. जिच्या हातात लेकरू आहे तिला रुमाल टाकता येत नाही. म्हणजे बसायची गरज ज्याला सगळ्यात कमी, त्याला सीट सगळ्यात आधी. मी धाकट्याला कडेवर मारला, बॅग पुढं ढकलली, थोरलीला "ओढणी, ओढणी" ओरडत चढले, तोवर सगळ्या सीटांवर रुमाल उमललेले होते.

'महिलांसाठी राखीव' असं जिथं लिहिलेलं असतं त्याच्या बरोबर खाली एक माणूस झोपला होता. गाडी फलाटाला लागून दोन मिनिटं झाली नव्हती आणि याला गाढ झोप. मी त्याच्या खांद्याला बॅग लावली. त्यानं एक डोळा उघडला.

"दादा, ही लेडीज सीट आहे."

"अर्धं तिकीट करून दिलंय ना सरकारनं," तो म्हणाला. "आता बसायला बी पायजे व्हय?"

मागचे दोघं-तिघं हसले. मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही, पण तो एक डोळा त्यानं पुन्हा मिटला नाही. उठला मात्र नाही. तापट आहे मी. कंपनीत सगळ्यांना माहीत आहे, सासरीही माहीत आहे. तापटपणाचा उपयोग होतो असं मात्र कुणी समजू नये.

तेवढ्यात पलीकडच्या सीटवरून आवाज आला, "द्या ती पोर इकडं. कशाला उभी करताय एवढ्याशा जिवाला?"

आपल्या एसटीतली ही एकच गोष्ट मला मनापासून आवडायची. उभ्या असलेल्या बाईचं लेकरू बसलेली बाई मांडीवर घेते. ओळख लागत नाही, विनंती लागत नाही. पोरं हातोहात पुढं जातात, पिशव्या कुणाच्याही पायाशी जातात, उतरताना सगळं परत हातोहात बाहेर येतं. माझी थोरली तान्ही होती तेव्हापासून तिनं या रस्त्यावरच्या कितीतरी अनोळखी मांड्यांवर झोप काढलेली आहे.

फक्त मांडीवर घेतल्यावर बायका बोलायला लागतात. त्याचंही एक ठरलेलं वळण असतं. गाव कुठलं? शिरूर. मूळचं? मांडवगण फराट्याच्या बाजूचं, मालकांचं. मग कुठल्या आळीला? कुणाच्यात तुम्ही? चाळण बारीक होत जाते, आणि शेवटी जे खाली पडायचं ते पडतं. आम्ही बौद्ध. आमचं आडनाव असं, की या दोन तालुक्यांत ते सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. मला त्याची लाज नाही. कंपनीतल्या बॅजवर मोठ्या अक्षरात आहे. पण गाडीत, पोरगी दुसऱ्याच्या मांडीवर असताना, मी चाळण बारीक व्हायच्या आत विषय बदलते. उन्हाचं बोलते, तिकिटाचं बोलते. धाकट्याच्या ओकाऱ्यांनी मला दोन-तीनदा वाचवलेलं आहे.

कारण माझी एकच इच्छा होती. थोरलीला हे इतक्यात कळू नये. मला कसं कळलं ते मी इथं सांगत बसणार नाही; त्याच त्या गोष्टी आहेत, आमच्यातल्या प्रत्येकाकडे एक असते. तिलाही कधीतरी कळणार हे मला ठाऊक होतं, मी काही खुळी नाही. पण तिच्या तोंडात उत्तर तयार असेल त्या वयात कळावं. कॉलेजात जावं, चार पुस्तकं वाचावीत, मग कुणी विचारलं तर तिनं समोरच्याला घाम फोडावा. साडेसहा हे काही ते वय नव्हे.

त्या बाईंनी थोरलीला मांडीवर घेतलं. वयानं माझ्या आईएवढ्या. गळ्यात बोरमाळ, हातभर हिरव्या बांगड्या, पायाशी दोन पिशव्या. पाटसला लेकीकडे निघाल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हटलं. त्यांनी थोरलीच्या पोटावर हात ठेवून तिला आपल्याकडे टेकवून घेतलं, पदरानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला आणि पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला.

"माझ्या नातीगत हाय बघा," त्या म्हणाल्या. "आस्संच नाक तिचं."

मी दांडी धरून उभी होते, कडेवर धाकटा, पायात बॅग. तरी मला बरं वाटलं. त्या क्षणी त्या म्हातारीसाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

कंडक्टर आला. मशीनवर बोट ठेवून त्यानं थोरलीकडे बघितलं आणि मला सवलत द्यायच्या आवाजात म्हणाला, "पाचाच्या आतली हाय ना ही, ताई?"

मी तोंड उघडायच्या आत थोरली लाडू खाता खाता म्हणाली, "नाही. मला साडेसहा पूर्ण झाली."

आसपासचे सगळे हसले. कंडक्टरही हसला आणि त्यानं तिचं अर्धं तिकीट फाडलं. आमच्या थोरलीचं हे असंच आहे. आबांनी तिला पंचशील शिकवलंय, आणि त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, तिनं फारच मनावर घेतलंय. दारात कुणी आलं आणि मी आतून "आई घरी नाही म्हणून सांग" म्हटलं, तर ती दारात जाऊन "आई म्हणते आई घरी नाही" असं सांगते.

"लई खरी हाय की गं तू!" मावशी म्हणाल्या. त्यांनी तिचा गालगुच्चा घेतला. मग माझ्याकडे वळल्या. गाव कुठलं, मूळचं कुठलं, सगळं सुरू झालं. त्यांचं माहेर मांडवगणचंच निघालं. मी शिरूरच्या उन्हावर आले, पाण्याच्या टँकरवर आले, धाकट्याच्या नाकाला लिंबू लावलं. मावशींनी तेवढ्यापुरता नाद सोडला. भीमेचा पूल गेला. पात्रात पाणी होतं थोडं, कडेला म्हशी बसलेल्या. थोरलीनं मला म्हशी दाखवल्या. आणि मावशी तिला सहज, लाडानं, कुणीही कुठल्याही पोराला विचारतं तसं म्हणाल्या, "बरं, नाव काय तुझं? पूर्ण नाव सांग बघू."

आपल्याकडे पोर बोलायला लागलं की त्याला हे पहिल्यांदा शिकवतात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायचं, सगळ्यांनी कौतुक करायचं. बालवाडीत शिकवतात, शाळेत शिकवतात, आम्हीही शिकवलं. थोरलीला ते फार आवडतं. ती मांडीवरून अर्धी उठली, पाठ ताठ केली, दोन्ही हात फ्रॉकला चिकटवले आणि शाळेत सांगते तशी खणखणीत आवाजात सांगून मोकळी झाली. आडनावावर जरा जोर देऊन, कारण वर्गातल्या बाईंनी तसं सांगितलंय.

मावशींचा चेहरा बदलला असं लिहिलं तर गोष्ट सोपी होईल. चेहरा बदलला नाही. त्या म्हणाल्या, "व्हय का. बरं बरं." फक्त थोरलीच्या पोटावरचा हात त्यांनी काढून घेतला आणि खिडकीच्या गजावर ठेवला. गज तापलेला होता, तरी तिथंच ठेवला. मग पिशवीचं तोंड बंद केलं.  आणि म्हणाल्या, "उतर गं जरा. पाय भरून आलं माझं."

थोरली लगेच उतरली. "दुखतायत का, आजी?" तिनं विचारलं.

"व्हय गं. म्हातारं मानूस मी."

थोरलीनं खरंच वाईट वाटून त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी तिला माझ्या पायाशी, बॅगेवर टेकवलं.

आता भांडायचं तर कशावर? पाय दुखतात म्हणणाऱ्या म्हातारीशी मी भांडले असते तर सगळी गाडी माझ्यावर उठली असती. पूर्वी तोंडावर बोलायचे, असं आबा सांगतात. आता तोंडावर कुणी काही बोलत नाही. आता पाय दुखतात. कदाचित खरंच दुखत असतील, असं मी स्वतःला समजावत होते. माणसाचे पाय दुखू शकतात. बोरमाळ घातलेल्या बाईचेही दुखू शकतात.

चौफुल्याला गाडी बरीच रिकामी झाली आणि खिडक्यांतून रुमाल पडून तेवढीच परत भरली. एक बाई चढली, तिच्याबरोबर मुलगी. माझ्या थोरलीपेक्षा डोक्यानं उंच, अंगानं चांगली भरलेली. मावशींनी त्या बाईला हाक मारली. ओळखीची होती की काय कोण जाणे, पण नावानं नाही मारली. म्हणाल्या, "ये गं बाई, पोरगी दे हिकडं, बसती माझ्यापाशी." आणि ती मुलगी मांडीवर घेतली. पिशवीचं तोंड उघडलं. लाडू काढला.

मी धाकट्याच्या केसांत बोटं घालून उभी होते. मला वाटलं, थोरलीचं लक्ष नसेल. तिचं लक्ष होतं.

"आई," ती गाडीच्या आवाजावर चढून म्हणाली, "त्या आजींचे पाय बरे झाले?"

गाडीत एकदम सामसूम झाली असं काही घडलं नाही. गाडी खडखडत होती, कुणीतरी फोनवर मोठ्यानं बोलत होतं. मावशींनी ऐकलं की नाही मला कळलं नाही. त्या नव्या पोरीला लाडू भरवत होत्या. "झाले असतील," मी म्हणाले. मला मावशींच्या हातातला तो लाडू हिसकावून खिडकीबाहेर फेकावासा वाटत होता. मी फेकला नाही. पाटस आलं, मळीचा वास आला, धाकटा ओकला. मावशी त्यांच्या पिशव्या घेऊन माझ्या अंगाला अंग न लावता नीट उतरून गेल्या.

दौंडच्या घरी पोचल्यावर आईनं कैरीचं पन्हं दिलं. आबांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं. संध्याकाळी त्यांनी दोघांना समोर बसवून वंदना म्हणायला लावली, तशी ते रोज लावतात. चौथं शील आलं तेव्हा थोरली मधेच थांबली.

"आबा," ती म्हणाली, "मी आज पूर्ण नाव सांगितलं आणि एका आजींचे पाय दुखायला लागले."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी पन्ह्याचा पेला विसळायला उठले. तिनं त्यांना सगळं सांगितलं, अगदी क्रमानं. आधी लाडू दिला, मग नाव विचारलं, मग पाय दुखले, मग दुसरी मुलगी आली आणि पाय दुखायचे थांबले. लहान मुलांना कशामागून काय झालं ते फार चांगलं कळतं. आम्ही मोठे मधे मधे कारणं घालतो, ती घालत नाहीत.

आबा कधी चिडत नाहीत. ते म्हणाले, "नाव आपलं हाय, पाय तिचं हायेत. तिचं दुखत असतील तर तिनं डागदराकडं जावं. आपन नाव बदलायचं न्हाई आन् खोटं बी बोलायचं न्हाई."

आई हसली. मलाही हसू आलं, कारण आबा हे त्यांच्या सगळ्या नोकरीत असंच बोलत आले आहेत आणि ते ऐकून मी मोठी झाले. थोरली हसली नाही. 

"पण मग बसायचं कुठं?" ती म्हणाली.

 आबा "चला, पुढचं म्हणा" म्हणाले. मला त्यांचा राग आला. त्या म्हातारीचा आला होता त्याहून वेगळा, जास्त जवळचा. आयुष्यभर ताठ उभं राहायला शिकवणाऱ्या माणसानं कधीतरी बसायचं कुठं हेही शिकवून ठेवायला हवं होतं.

त्या सुट्टीत तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं विसरली. आंबे खाल्ले, कुरडयांच्या वाळवणावर कावळे हाकलले, शेजारच्या पोरांबरोबर रेल्वेचे डबे मोजले. आबांना एक दिवस वंदनेनंतर तिनं विचारलं, की खोटं बोललं तर कुणाला कळतं. आबा म्हणाले, आपल्याला कळतं. तिनं मान हलवली. मी तेव्हा पापड लाटत होते आणि मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

परतीच्या वेळी सामान दुप्पट झालं. माहेराहून निघताना ते होतंच. पापडांचा डबा, कुरडयांची पिशवी, लोणच्याची बरणी जुन्या साडीत गुंडाळून, आंब्यांची पेटी, आणि वर कहर म्हणजे आबांनी धाकट्यासाठी घेतलेली तीन चाकांची सायकल. "आबा, ही एसटीत कशी न्यायची?" म्हटलं तर म्हणाले, "पाय हायेत का तिला? चाकं हायेत. जाईल चालत." धाकटा तिच्यावरून उतरायला तयार नव्हता. दौंडच्या स्टँडवर तो सायकलवर बसूनच आला.

गाडी लागताना आबा या वयात पळाले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी खिडकीतून एका सीटवर टाकला. आम्ही सगळं सामान चढवून तिथं पोचेपर्यंत टॉवेल खाली पडलेला होता आणि सीटवर दोन तरुण बसलेले. "टावेल हुता माझा हितं," आबा खिडकीतून म्हणाले. "कुठं हुता, आबा? न्हाई दिसला," त्यातला एक म्हणाला, अगदी आदरानं. त्याच्या बुटाखाली होता. मी टॉवेल ओढून काढला, झटकला आणि आबांना परत दिला. त्यांनी तो खांद्यावर टाकला. मी त्या पोरांना बोलणार होते, पण डबल बेल झाली आणि आबांचा चेहरा खिडकीतून मागं गेला.

कंडक्टर सायकलवरून भांडला, मी त्याच्याशी भांडले, पेटी सीटखाली गेली, बरणी माझ्या हातात राहिली. पुन्हा तीच दांडी, तेच ऊन, कडेवर तोच धाकटा.

"ताई, द्या त्याला इकडं. झोपलाय की तो."

खिडकीशी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, केसांना क्लिप, पायात बूट. न्हावऱ्याला उतरणार होती. तिनं धाकट्याला घेतलं, त्याचं डोकं आपल्या दंडावर नीट ठेवलं आणि थोरलीला म्हणाली, "तू पण ये. या बाजूला बस. दोघं मावता तुम्ही."

थोरलीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती बसली, पण अगदी कडेला, त्या बाईच्या गुडघ्यावर, अर्धी हवेत.

पाटस गेलं. धाकटा झोपेत असल्यामुळे त्याला मळीचा वास कळलाच नाही. थोरली हळूहळू मागं सरकली, टेकली, त्या बाईच्या बांगडीशी खेळायला लागली. मला तिचा चेहरा सैल होताना दिसत होता. चौफुला गेला. ती बाई बोलायला गोड होती, कंपनीतल्या सुपरवायझरच्या नकला करत होती, मीही हसले. मग तिनं थोरलीच्या वेणीला हात लावला आणि म्हणाली, "नाव नाही सांगितलंस तुझं. पूर्ण नाव सांग की."

थोरली ताठ बसली नाही. हात फ्रॉकला चिकटवले नाहीत. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे बघत नाव सांगितलं. तिचं नाव बरोबर. वडिलांचं नाव बरोबर. आडनाव आमचं नव्हतं. शाळेत तिच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीचं होतं. मांडवगणकडे त्या आडनावाची घरंच घरं आहेत, वाडेवाले, उसवाले. तिला ते कसं कळलं असेल मला माहीत नाही. कदाचित नसेलही कळलं. ते आडनाव ऐकून कुणा आजीचे पाय दुखत नाहीत, एवढंच कळलं असेल.

आणि ती जराही अडखळली नाही. "साडेसहा पूर्ण" म्हणणारी, "आई म्हणते आई घरी नाही" म्हणणारी माझी पोरगी. घरी सराव केला असावा इतकं ते सफाईनं आलं. मला आबांचा टॉवेल आठवला, बुटाखालचा. 

"नाही," मी म्हणाले. आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "आमचं आडनाव ते नाही." आणि मी आमचं सांगितलं. मागच्या सीटवरच्या दोघांनी माना वर केल्या.

थोरलीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की ती मी जन्मात विसरणार नाही. चोरी पकडली गेल्याची नव्हे ती. मी तिला पकडून दिल्याची होती.

त्या बाईनं आळीपाळीनं आमच्या दोघींकडे बघितलं. तिनं हात काढून घेतला नाही. धाकट्याचं डोकं तिच्या दंडावर तसंच होतं. मला आजही वाटतं की तिनं काहीच केलं नसतं. ती तशी बाई नव्हती, किंवा असली तरी त्या दिवशी नव्हती. पण ते कळायला वेळच मिळाला नाही. कुणी काही म्हणायच्या आधी थोरली तिच्या मांडीवरून उतरली होती आणि माझ्या पायाशी येऊन सायकलचं हँडल धरून उभी राहिली होती.

"अगं, का उतरलीस?" ती बाई म्हणाली. "ये की, बस. लांब हाय अजून शिरूर."

"नको," थोरली म्हणाली. अजिबात न रागावता, आईनं शिकवलेल्या चांगल्या मुलीसारखी. "तुमचे पाय दुखतील."

त्या बाईला काय कळणार? तिनं कौतुकानं थोरलीच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाली, "लई समजूतदार हाय हो तुमची पोर. एवढ्याशा वयात केवढी जाण हाय बघा तिला."

"हो," मी म्हणाले.